वरची पुली, खालची पुली

डेल्बर्ट आईचं ऐकत नाही, हे टॅकेटांच्या घरात सगळ्यांना पाठ झालं होतं, कारण ऑर्फा ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचीच.

"दुधाला हात लावायचा नाही म्हटलं की भांडं रिकामं. त्या कॉनीशी लग्न करू नको म्हटलं, तर महिन्याच्या आत करून मोकळा. बापाच्या मयताला रडायचं नाही म्हटलं, तर पाद्री गप्प झाला तरी याचं चालूच. पोटातसुद्धा उलटाच होता. पायाकडून ओढून काढला डॉक्टरनं."

हे ती आपल्या दिराला, एमेटला सांगत होती. गॅरेजमध्ये गाडीखालून डेल्बर्टचे नुसते बूट दिसत होते. त्याला ऐकू यावं एवढ्याच आवाजात ती बोलत होती.

गाडी ऑर्फाच्या नवऱ्याची, हॉलिसची. वाळवंटातल्या कोरड्या तळ्यावर त्या गाडीइतकी वेगात बेकर्सफील्ड गावची दुसरी गाडी धावली नव्हती. हॉलिस गेला आणि दुसऱ्याच वर्षी डेअरीवाल्या स्टब्सच्या पोरानं तो वेग मागे टाकला. तेव्हापासून ऑर्फानं त्यांचं दूध बंद केलं.

आता शनिवारी डेल्बर्ट बापाची गाडी पळवणार होता. सगळं ठरलं होतं, पुल्या सोडून.

इंजिनच्या डोक्यावर जुन्या बसमधून काढलेला ब्लोअर होता. इंजिनात हवा कोंबायचं काम त्याचं. त्याला फिरवणारा पट्टा दोन पुल्यांवरून जायचा, एक वर ब्लोअरला, एक खाली इंजिनला. मोठी वर आणि लहान खाली लावली की ब्लोअर सुस्त. त्याच दोन उलट लावल्या की तो पिसाळायचा.

"मोठी वर लावतोय," डेल्बर्ट बाहेर येत म्हणाला.

"वाटलंच," ऑर्फा म्हणाली. "त्यापेक्षा गवत कापायचं मशीन घेऊन जा. आरामात बसशील."

"वहिनी, त्या इंजिनच्या ब्लॉकला तडा गेला होता," एमेट म्हणाला. "हॉलिसनं लोखंडी टाके घालून शिवलाय तो. लहान पुली वर गेली तर टिकायचा नाही. आणि ब्लोअर कुठे बसलाय बघा. पोराच्या तोंडासमोर."

"हॉलिसच्याही तोंडासमोरच होता. त्यानं नाही घाबरून मोठी पुली वर लावली."

"तेव्हा ब्लॉक धड होता."

"आणि माणूसही."

डेल्बर्टनं पाना खाली ठेवला. हिवाळ्यात कॉनी घर सोडून गेल्यापासून तो डब्यातले घेवडे डब्यातूनच खायचा आणि गॅरेजमध्येच असायचा. दाढी वाढली होती. कुणी काही विचारलं तर 'बरं' म्हणायचा.

"आई," तो म्हणाला, "मी तुला एवढा भित्रा वाटतो?"

एमेटनं तिच्याकडे पाहिलं. डेल्बर्ट आता मोडेल, असं त्याला वाटलं असावं.

"वाटत नाहीस," ऑर्फा म्हणाली. "आहेस. लहान वर, मोठी खाली. टॅकेट असशील तर तशीच लावशील."

डेल्बर्टनं मोठी पुली वर बसवली, बोल्ट आवळले, पट्टा चढवला. ऑर्फा ते सगळं होईपर्यंत हाताची घडी घालून उभी राहिली आणि मग नाक मुरडून स्वयंपाकघरात गेली. त्या संध्याकाळी तिनं मक्याच्या पावाचे दोन मोठे तुकडे ताकात कुस्करून खाल्ले. कितीतरी दिवसांनी तिला नीट भूक लागली होती.

डेल्बर्ट झोपायला गेला तेव्हा त्यानं दार आपटलं नाही. हळूच लावलं. तिच्या ते लक्षात आलं, पण थकला असेल, असं तिला वाटलं.

शनिवारी डेल्बर्ट गाडी घेऊन पहाटेच पुढे गेला. ऑर्फा आणि एमेट मागून पोचले, तोवर तळ्यावर गाड्यांची रांग लागली होती. ऊन तापलं होतं. ऑर्फा ट्रकच्या सावलीत खुर्ची टाकून बसली. लांबवर, रांगेच्या तोंडाशी, डेल्बर्टचं हेल्मेट दिसत होतं. त्यानं हात वर केला. तिनं केला नाही.

निशाण पडलं. गाडी सुटली.

ब्लोअरचा आवाज तिनं उभा जन्म ऐकला होता. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना. सुस्त असला की तो घुमतो. हा घुमत नव्हता. हा किंचाळत होता.

ऑर्फा खुर्चीतून उठली.

"पहाटे पुल्या बदलल्या त्यानं," एमेट म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. "आत्ता रांगेत जाऊन भेटलो तेव्हा दिसलं. खूप सांगितलं मी. म्हणाला, काका, एकदा तरी आईच्या मनासारखं होऊ दे."

ती पळत सुटली. त्या पांढऱ्या, भेगाळलेल्या मातीवर म्हातारी बाई हात हलवत धावताना पाहून कुणीतरी शिट्टी वाजवली. पोराच्या कौतुकानं धावत असेल, असं वाटलं असणार.

मग आवाज झाला. धूर वर गेला, काळा, आणि बराच वेळ एका जागी राहिला.

एमेटनं तिला ट्रकमध्ये घालून तिथवर नेलं. लोकांनी डेल्बर्टला बाहेर काढून गाडीच्या सावलीत ठेवलं होतं. एकानं पांघरूण आणलं होतं. ऑर्फाला बघून तो थांबला. एमेटनं टोपी काढली.

ती गुडघ्यांवर बसली. रुमालाला थुंकी लावून तिनं त्याच्या हनुवटीवरचं तेल पुसलं, दाढीत अडकलेली माती काढली. बाकीचे दोन पावलं मागे सरकले.

"गाढवा," ती म्हणाली, "जन्मभर माझ्या उलट वागलास, म्हणून तर मी लहान वर लाव म्हणत होते."