आज घरी कोण आलं?

या, जरा जवळ सरका. गाऊन सांगितलेल्या एका प्रवचनाची गोष्ट सांगते, आणि त्याआधी झालेल्या वादाचीही.

अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या आमच्या चर्चमध्ये वर ओझेल टार्व्हरची शवपेटी ठेवलेली आणि खाली स्वयंपाकघरात दोन म्हातारे भांडत होते. ओझेल आणि हे दोघं, तिघंही एकेकाळी पोलाद कारखान्यातल्या काळ्या कामगारांच्या संघातून बेसबॉल खेळलेले. तिथेच बसलेल्या ओझेलच्या बायकोचं, व्हर्लीनचं, एकच मागणं होतं: आज प्रवचनात त्याला थोर खेळाडू म्हणावं. आमचे पाद्री रेव्हरंड पेट्वे तिला म्हणाले होते, "पेटीसमोर मी खोटं बोलणार नाही. त्याच्याबरोबर खेळलेल्या या दोघांना हो म्हणू दे, मी गाईन."

दोघांपैकी ल्यूशियस केव्हाच हो म्हणाला होता. होझिया अडून बसला होता.

"थोर कोण, तर ज्याला बघून लांबचे गडी आणखी मागे सरकतात तो," होझिया म्हणाला. "मी बॅट उचलली की कुंपणाला पाठ टेकायचे. ओझेल आला की सगळे पुढे यायचे. कुंपणापार चेंडू धाडलेला एक होम रन नाही त्याचा जन्मात. भला माणूस होता, वहिनी. पण थोर?"

"तुझा फटका लांब, जीभ त्याहून लांब," ल्यूशियस म्हणाला. "पुढे का यायचे ते सांग की."

होझियानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"मी पहिल्या बेसवर अडकलेला. ओझेल चेंडू नुसता अडवून पायाशी टाकायचा, तो उचलायला ते पुढे. ते त्याला बाद करेपर्यंत मी दुसऱ्या बेसवर. मग तू यायचास, फटका हाणायचास, मी घरी, म्हणजे निघालो त्या शेवटच्या बेसवर, पोचायचो, धाव व्हायची, आणि लोक टोप्या उडवायचे तुझ्यासाठी. ओझेलच्या खेळीला त्याग म्हणतात, बाबा. तसा बाद होऊन गडी परतला की अख्खा बाक उठून उभा राहायचा. तू कधी उठलास?"

"मी बाकावर असायचो कुठे? पुढची पाळी माझीच." होझियाचा आवाज खाली आला. "तो शेजारून परत जायचा. मी कुंपणाकडे बघत असायचो."

व्हर्लीननं हातरुमालाची घडी घातली. "राहू दे, होझिया. ओढून काढलेला होकार नको मला."

रेव्हरंड जिन्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

प्रवचनात त्यांनी 'थोर' हा शब्द काढलाच नाही, ओझेलची ती खेळी तेवढी सांगितली. बोलता बोलता सूर धरला, ऑर्गन त्यांच्या मागोमाग निघाला, आणि त्यांनी विचारलं, "बाद कोण झालं?"

"ओझेल," लोक म्हणाले.

"घरी कोण पोचलं?"

"ल्यूशियस."

रेव्हरंड थांबले. घाम पुसला. मग वर बघत, अगदी हलक्या सुरात, "आणि आज? आज घरी कोण आलं?"

पुढच्या बाकावरून होझिया काठी टेकत उठला.

"ओझेल," तो म्हणाला.

आणि तो खाली बसला नाही. एकेक करत सगळा बाक उभा राहिला. पेटी शेजारून निघाली तेव्हा होझियानं हात पुढे करून लाकडावर ठेवला. या वेळी तो दुसरीकडे कुठे बघत नव्हता.

प्रार्थनेला बाकावरून उठाल ना, तेव्हा ओझेल टार्व्हरची आठवण असू द्या.