टाकीतली मतमोजणी

लोर्नाच्या घरामागच्या डबक्यात पालीसारखा दिसणारा दुर्मिळ सॅलमँडर सापडला तर डबकं वाचणार, आणि नुसते बेडूक निघाले तर ते बुजवून वेंडेलच्या दुकानाचं पार्किंग होणार, असं व्हरमाँटमधल्या त्या गावाने ठरवलं होतं. डबक्यातली अंडी कुणाची यावरून रोज भांडणं व्हायला लागली, म्हणून ती सगळी काचेच्या टाकीत घालून सभेच्या हॉलमध्ये ठेवली. पिल्लं निघाली, मोठी झाली, तसं अख्खं गाव टाकीभोवती जमलं.

"हा बघा! मानेजवळ पिसांसारखे कल्ले आहेत आणि पुढचे पाय आधी फुटलेत. बेडकाला मागचे आधी फुटतात," लोर्ना काचेवर बोट आपटत म्हणाली. "सॅलमँडरच आहे हा!"

"अगं, पण एकटाच आहे ना तो!" वेंडेल हसला. "बाकी टाकीभर बेडूक. आपल्या गावात काय चालतं? बहुमत!"

"डबक्यात कोण राहतं याचं कसलं डोंबलाचं बहुमत रे?"

"कुत्री मोकळी सोडायची की बांधायची, यावरही मतदान घेतो आपण. मग बेडकांनी काय घोडं मारलंय?"

सभापतींना हे पटलं. पण तेवढ्यात कॉफी संपली, म्हणून मोजणी पुढच्या मंगळवारवर ढकलली. लोर्ना रडवेली होऊन घरी गेली.

मंगळवारी सभापतींनी चष्मा लावून टाकीत वाकून पाहिलं. आत फक्त सॅलमँडर होता, चांगला गुबगुबीत झालेला.

"एकमताने मंजूर," ते म्हणाले.