दहाव्याचा माईक

माईक विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याकडे होता आणि तो काही सोडायला तयार नव्हता. नदीकाठी सखाराम वाळुंजांचा दहावा चाललाय की प्रचारसभा, हेच आमदार पोखरकरांना कळेना.

आज दुपारी नागपूरच्या अधिवेशनात त्यांचं स्वतःचं विधेयक होतं. धरणात जमीन गेलेल्याला वर्षाच्या आत दुसरी जमीन मिळावी, एवढंच त्यात म्हटलं होतं. चालती वकिली सोडून ते राजकारणात आले ते त्यासाठीच. पण काल त्यांचा पीए म्हणाला, "साहेब, विधेयकानं मतं मिळत नाहीत. दहाव्याला दिसला नाहीत, तर अख्खं गाव हातचं जाईल." मग नागपूर सोडून, रात्रभर गाडीत चरफडत ते इथे आले होते.

भाषणं संपली, पण पिंडाला कावळा शिवेना. मुलं, जावई, सगळ्यांचे हात जोडून झाले. ऊन चढलं. शेवटी सखारामअण्णांची बायको उठून पोखरकरांसमोर आली.

"वकीलसाहेब, जमीन काही मिळाली नाही, पण हे शेवटपर्यंत तुमच्या कायद्याची वाट बघत होते. जीव त्यातच अडकलाय. आजच मांडणार होता ना? तेवढं सांगा त्यांना. लगेच शिवेल."

पोखरकर पिंडापाशी गेले, हात जोडले. कोर्टात वेळप्रसंगी त्यांनी खोटंही बेधडक रेटलं होतं. इथे तोंड उघडेना.

समोरच्या बाभळीवर कावळा ऐकायला बसल्यासारखा बसून होता.