शेऱ्याचा रकाना

गाझियाबादच्या सिमेंटच्या मैदानावर मुलींची निवड चाचणी चालू होती, आणि कर्णिक नेहमीप्रमाणे प्रत्येकीला कुणा तरी जुन्या खेळाडूच्या पंक्तीला बसवत होते. ही धावते गुलाबरावसारखी. तिचा ड्रिबल म्हणजे थेट धवल. शांताराम कर्णिक बहात्तर वर्षांचे होते आणि पन्नास वर्षांचं बास्केटबॉल त्यांना तोंडपाठ होतं. बाकीचे निवडकर्ते थट्टेनं त्यांना 'पंचांग' म्हणत. कर्णिकांना ते आवडायचं.

मग रुचिता खेळायला उतरली. पंधरा वर्षांची, काटकुळी, गार्ड. नजर डावीकडच्या मुलीवर आणि चेंडू उजवीकडचीच्या हातात. पुन्हा तसंच. समोरच्या मुली नुसत्या गरगरत होत्या.

कर्णिकांनी चष्मा काढून पुसला. शेजारच्या खुर्चीवर रुचिताची कोच बसली होती, रेवती. चाळिशी उलटलेली, सकाळपासून फारसं न बोललेली.

"कुणासारखी, सर?" तिनं विचारलं.

"कुणासारखीच नाही. न बघता पास देणारी गार्ड इथे मी आजवर पाहिलेली नाही. बिल्कुल नाही!"

"पाहिलीय, सर."

"छे! मी विसरेन होय? कोण सांग."

रेवतीचे डोळे मैदानावरच होते. "अठ्ठ्याण्णव साली, इथेच. मी. तुम्ही शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतंत, 'खेळताना लक्ष नसतं, भलतीकडे बघते.' आमच्या कोचनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं."

कर्णिक हसायला गेले, पण जमलं नाही. त्यांना आठवलं. मुलगी नव्हे, चेंडू आठवला. एकीच्या पाठीत बसलेला, मग दुसरीच्या खांद्यावर. पास घेणाऱ्या मुली तयार नव्हत्या, एवढंच झालं होतं. तेव्हा त्यांना ते दिसलं नव्हतं.

"मी हसलो होतो का गं?"

"सगळेच हसले होते."

"मग पुढे?"

"पुढे काय, सर. बघून पास द्यायला लागले. सगळ्यांसारखी झाले. दोन वर्षांत सोडून दिलं."

हे ती अगदी सहज बोलली, आणि तेच त्यांना जास्त लागलं. त्यांचे कान तापले. गुलाबराव कुठला पाय आधी टाकायचा ते त्यांना आठवत होतं, आणि सकाळपासून शेजारी बसलेली ही बाई त्यांना ओळखूही आली नव्हती. लाजेनं त्यांची मान वर होईना. माफी मागायची तर कुठल्या तोंडानं?

रुचिताचा फॉर्म मांडीवर होता. निवडीची खूण त्यांनी केव्हाच केली होती, पण शेऱ्याचा रकाना रिकामा होता.

"तेव्हा आडनाव काय तुझं?"

"पाठक."

कर्णिकांनी रकान्यात 'रेवती' लिहिलं. पुढच्या अक्षराला पेनानं कागद नुसताच खरवडला. त्यांनी ते दोनदा झटकलं, पण शाई संपलीच होती.

"पेन देतेस जरा?" ते फॉर्मकडे बघतच हात पुढे करून म्हणाले.

रुचिता चेंडू घेऊन बास्केटकडे निघाली होती. रेवतीनं तिच्यावरची नजर न हलवता खिशातलं पेन काढलं आणि बाजूला फेकलं. ते बरोबर कर्णिकांच्या तळहातावर आलं, आणि तिथून खाली पडलं. ते तयार नव्हते.