नव्या जावयाची गरी

"तरंगा खाली सरकवा, गरीच्या वीतभर वर," प्रफुल्लनं धाकट्या साडूला, अतुलला सांगितलं. "मासा वरच येते."

रोहू खोल पाण्यात चरतो आणि अशी गरी वरच लोंबत राहते, हे प्रफुल्लला चांगलं ठाऊक होतं. अतुलला नव्हतं. मासे धरायची काठी त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतली होती, आणि तीही सासऱ्यांची लाडकी, बांबूची. इतक्या वर्षांत प्रफुल्लला ती कधी मिळाली नव्हती.

लग्नानंतर अतुल आसगावला पहिल्यांदाच आला होता. कालपासून घरात दुसरं नाव नव्हतं. तसं प्रफुल्लचं स्थान पक्कं होतं. ओसरीत त्याचा फोटो होता, त्याच्या पहिल्या खेपेचा. हातात भलामोठा रोहू, शेजारी अंगठ्याला फडकं बांधलेले सासरे, चिंधूबुवा हसताहेत. तो मासा आपण कसा खेळवून ओढला, हे प्रफुल्ल आल्यागेल्याला रंगवून सांगायचा. मासे मारावेत तर थोरल्या जावयानं, असं गावही म्हणायचं.

आणि काल सासूबाईंनी त्या फोटोशेजारी दुसरा खिळा ठोकला होता. प्रफुल्लचा नुसता जळफळाट चालला होता.

अतुलनं घरामागच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात गरी टाकली, काठी काठावर रोवली, तोच सासूबाईंची, तुळसाबाईंची हाक आली. गरी टाकली की नाश्त्याला यायचं, ही या घरची रीत. चिंधूबुवा तेवढे दिसत नव्हते. मासे विकणाऱ्या ढिवराकडे काम आहे म्हणून सकाळीच बाहेर पडले होते.

"खा जवाईबापू," तुळसाबाईंनी अतुलच्या ताटात आणखी वडे वाढले. "वापस जासान तं मासा लागलाच राह्यन."

प्रफुल्लनं ताट बाजूला सारलं. या नवशिक्याला खरंच लागला तर? दोरी कापून टाकू, कासवानं नेली म्हणू. "फोन राह्यला तिकडं," असं पुटपुटत तो उठला.

बोडीशी पोचला आणि थबकला. चिंधूबुवा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. काखेत तडफडणारा रोहू, हातात अतुलची गरी.

त्यांनी वर पाहिलं. लाजले नाहीत, उलट त्यांना हायसंच वाटलं.

"बरं झालं तुमी आले. धरा हा मासा. नव्या जवायाले पहिल्या खेपेले खाली हातानं कसं धाडाव? पन माह्यानं आता पान्यात उतरनं होत नाई. यापुढं हे काम थोरल्या जवायाचं." मग जुनं काही आठवून ते हसले. "तुमच्या वेळेस तं गरी अडकवता अडकवता माहा अंगठाच फाटला होता."