चार नंबरची बाटली

चार नंबरची बाटली पाण्यासारखी नितळ होती, आणि तिथेच कल्पिताचं डोकं सटकलं.

बाकीच्या पाच बाटल्या कडक चहासारख्या तपकिरी पडल्या होत्या. त्या पाचांत तिनं दोन वर्षं डोकं शिणवून शोधलेली, द्रावण टिकवण्यासाठीची पाच औषधं होती. चार नंबरात काहीच नव्हतं. नुसतं साधं द्रावण, तुलनेसाठी ठेवलेलं. सगळ्यांत आधी नासायला हवं होतं ते. आणि वीस दिवस बंद कपाटात उष्णता आणि हवा खाऊन तेच जणू काल भरल्यासारखं ताजंतवानं!

मग काल भरलंच असणार, दुसरं काय? बाटल्यांची निगा प्रयोगशाळेतला मदतनीस काळुराम एकटाच राखायचा.

डोंबिवली एमआयडीसीतली ही छोटी कंपनी कारखान्याच्या धुरातला कार्बन धरून ठेवणारं द्रावण बनवायची. धूर त्यातून सोडायचा, कार्बन अडकतो. द्रावण तापवायचं, कार्बन सुटतो, की द्रावण पुन्हा कामाला हजर. कल्पना झकास. पण हे द्रावण फार नाजूक. दोन आठवड्यांत तपकिरी पडतं आणि फेकून द्यावं लागतं. ते टिकवायचं, एवढंच कल्पिताचं काम. आज पाच वाजता मालक रवींद्र सरांना सांगायचं होतं, जमलं की नाही. नाही म्हटलं की हे काम कायमचं बंद.

तिनं पत्र टाइप केलं, प्रिंट काढली आणि काळुरामला बोलावलं. एरवी ती त्याला काका म्हणायची. आज म्हटलं नाही.

"चार नंबर तुम्ही बदललीत. एक तरी बाटली चांगली दिसावी म्हणून केलं असेल, पण ही फसवणूक आहे. सरांना द्यायचं पत्र तयार आहे."

काळुराम खाडीकाठच्या कोपरीचा. सात पिढ्या मिठागरातल्या. आता मिठागरं गेली, जागेवर इमारती आल्या, दोन मजले त्याच्या नावावर. भाड्यावर पाय पसरून बसला असता तरी कोणी विचारलं नसतं. पण घरी बसलं की अंग दुखतं म्हणून माणूस बावीस वर्षं कामाला येत होता आणि अजून तीन महिन्यांनी मानानं निवृत्त होणार होता. बावीस वर्षांत त्याच्या नावावर साधा लेट मार्क नव्हता. त्यानं पत्र वाचून टेबलावर ठेवलं.

"मॅडम, चोर नाय मी," तो म्हणाला. "रजिस्टरात खोटा लिवलाय, ते कबूल. पन पानी बदलला नाय."

त्यानं चार नंबरचं झाकण उघडलं आणि ढवळणारा दांडा वर ओढला. खऱ्या प्लांटच्या टाक्या लोखंडाच्या, म्हणून सहाही बाटल्यांत लोखंडी दांडे बसवले होते. हा लोखंडी नव्हता; रागाच्या भरात तिचं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. जाड पांढऱ्या प्लास्टिकचा होता, वेडावाकडा कापलेला, आणि त्यावर सुरीच्या बारीक बारीक खुणा होत्या.

"हे काय?"

"भाजी चिरायचा पाट. घरचा." काळुराम खाली बघत बोलला. "पयल्याच दिवशी दांडा पडून वाकला माझ्या हातून. सांगितला असता तर तुमी सगला परत पयल्यापासून चालू केला असता. तुमी आधीच तीन रात्री झोपल्या नव्हत्या. म्हणून रजिस्टरात 'ठीक' लिवला. घरवाली तुलसा अजून बोंबलते पाटासाठी."

"अहो, पण नवा लोखंडी दांडा स्टोअरमध्ये होता की!"

"होता ना. पन हात नाय धजला, मॅडम. ह्या बाटलीला औषध नाय, उघडी-नागडी पोर आहे. तिच्यात तरी लोखंड कशाला घालू? आमच्या मिठागरात लोखंडी फावडा कोनी आनला तर आय माझी पाठीत धपाटा घालायची. सगला लाकडाचा. लोखंड लागला का मीठ लाल, मंग कोन घेतो?" त्यानं दांडा फडक्यानं पुसला. "मिठात काय घालायचा ते आमी कदी इचारला नाय. काय लागू द्यायचा नाय, तेवढा सांभाळायचा."

कल्पितानं कपाटातून आपलं जुनं पुस्तक ओढून काढलं.

पुस्तकात लोखंडाबद्दल एक ओळ होती. तिनं ती वाचली होती, खाली पेन्सिलीनं रेघही मारली होती. द्रावणात उतरलेलं चिमूटभर लोखंड त्याला आतून पोखरतं. एवढ्याशा दांड्यानं काय होणार, असं म्हणून ती पुढं गेली आणि दोन वर्षं औषधावर औषध ओतत राहिली. रोग आपणच ढवळत होतो, बाई! तिला हसू आलं, रडू आलं, आणि समोर मान खाली घालून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. टाकीला आतून प्लास्टिकचं अस्तर. बस्स. इतकं सोपं आणि इतकं मोठं.

तिनं रजिस्टर उघडलं, 'ठीक' शब्दापुढं खरं काय घडलं ते लिहिलं आणि त्याची सही घेतली. मग घड्याळ बघितलं. पाचला दहा कमी.

"मी पन येऊ का सरांकडं?" काळुरामनं विचारलं. "जे काय व्हायचा ते समोरच होऊ दे."

"यायलाच हवं, काका. तो दांडाही घ्या बरोबर."

जाण्याआधी तिनं टेबलावरचं पत्र उचललं. 'काळुराम म्हात्रे यांना आजच कामावरून कमी करावे,' एवढाच मजकूर होता. तिनं तो खोडला आणि खाली पेनानं लिहिलं : 'काळुराम म्हात्रे यांना तीन महिन्यांनीही सोडू नये.'