दोन चिठ्ठ्या

नवीन वर्षाच्या मिस्सेनंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, आमच्या चर्चमध्ये बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्यांची टोपली ठेवतात. सवयीने मी दोन उचलल्या. एक माझी, एक ह्यांची. चाळीस वर्षं हे बाहेर चिंचेखाली विडी ओढत थांबायचे, वचन मात्र हक्काने मागायचे. पावसाळ्यात गेले.

मी एक परत ठेवू लागले.

“असू दे, बाय,” फादर म्हणाले.

बाहेर धुकं होतं. चिंचेच्या खोडाला ह्यांच्यासारखंच कोणीतरी टेकलं होतं. मला न्यायला आलेली लेक, रेजिना. बापाच्या मातीनंतर ती चर्चची पायरी चढली नव्हती.

“झालं तुझं?”

“ही बाबाची चिठ्ठी.”

तिने वाचली, पुन्हा वाचली. मग स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली.

“इथंच थांब, आये. मेणबत्ती लावून येते.”

मी ह्यांच्या जागेवर खोडाला टेकले.